शेतजमीन असलेल्या सभासदांसाठी: यंत्र लावण्याआधी

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात शेतजमीन घेतलेल्या सभासदांनी तळं, शेड किंवा रस्त्यासाठी एक्स्कॅव्हेटर बोलावण्याआधी हे वाचावं, कारण त्या जमिनीवर ॲबोरिजिनल लोकांचा, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचा, वारसा असू शकतो.

नदी-ओढ्यापासून २०० मीटरच्या आतली जमीन सहसा सांस्कृतिकदृष्ट्या संवेदनशील धरतात. तिथल्या मोठ्या कामाला परवान्याआधी वारसा व्यवस्थापन आराखडा लागू शकतो. एक-दोन घरांना आराखड्यातून सूट आहे, पण सूट म्हणजे या वारशाचं नुकसान करायची मुभा नव्हे. २००६च्या ॲबोरिजिनल हेरिटेज कायद्याखाली असं नुकसान स्वतःच्या जमिनीवरही गुन्हाच आहे. ‘जमीन आधीच नांगरलेली आहे’ हे कारणही चालत नाही. साधी नांगरट म्हणजे जमीन आधीच उलथली गेली असं धरत नाहीत, ६० सेंटिमीटर किंवा त्याहून खोल रिपिंग (खोल फाळाने जमीन फोडणं) तसं धरतात.

जिवाला लागतं ते वठलेल्या झाडांचं. जुन्या रेड गमच्या (निलगिरीच्या एका जातीच्या) खोडावर लांबट, जमिनीच्या वरच संपणारी खूण आणि कडेने वळून आलेली जाड साल दिसली, तर होडी किंवा ढालीसाठी साल काढलेलं ते झाड असू शकतं. आगीची खूण बहुधा त्रिकोणी असते, थेट बुंध्यापर्यंत जाते. झाड मेलं तरी संरक्षण कायम राहतं. सरपणासाठी हात लावू नका.

दगडी छिलके (हत्यारं घडवताना उडालेले दगडाचे तुकडे) सापडले तर उचलू नका, कारण जागा हलली की त्यांचा आपसातला संबंध पुसला जातो. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जीपीएस नोंदवा आणि राज्याच्या वारसा विभागाला व तिथल्या नोंदणीकृत ॲबोरिजिनल संस्थेला कळवा. कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. नोंद झाली म्हणून जमिनीची मालकी जात नाही.

माणसाची हाडं वाटली तर काम तिथेच थांबवा, आधी पोलिसांना फोन करा.