डोंगरावरच्या फळियाला एक पी.पी. नंबर हवा आहे

सप्रेम नमस्कार.

पन्नाशी ओलांडलेल्या सभासदांना लग्नपत्रिकेच्या तळाशी शेजाऱ्याच्या फोन नंबरापुढे छापलेलं ‘पी.पी.’ आठवत असेल. आपल्या वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या एकेका वाड्यात फोन असायचा एकाच घरी, नंबर मात्र सगळी बिऱ्हाडं देऊन ठेवायची. पुण्याहून ट्रंककॉल आला की त्या घरच्या काकू गॅलरीत येऊन हाक मारत आणि ज्याचा फोन असेल तो ओल्या हातांनी धावत सुटे. पुढे घरोघरी फोन आले आणि त्या काकूंचं काम संपलं. तसलाच एक फोन डोंगरातल्या एका वस्तीत बसवायचा आहे, त्यासाठी मंडळ यंदा वर्गणी मागत आहे.

वस्ती छोटाउदेपूर जिल्ह्यातल्या नसवाडी तालुक्यात आहे. २०१३ पर्यंत तो भाग आपल्याच वडोदरा जिल्ह्यात होता. राठवा आदिवासींचं फळियुं, म्हणजे पाडा, घरं टेकड्यांवर विखुरलेली. आपल्या सभागृहाचं प्लास्टर ज्या जोडप्यानं केलं ते इथलं. कामावर असताना त्या माणसाचे वडील गावी वारले. निरोप इथे पोचला तिसऱ्या दिवशी, जीपवाल्यामार्फत, तोही ‘घरी बोलावलंय’ एवढाच.

फळियात सिग्नल मिळतो तो एका मोहाच्या झाडाखाली. फांदीला सुतळीनं अर्धी कापलेली पाण्याची बाटली बांधली आहे. फोन त्यात उभा ठेवायचा आणि स्पीकर लावून खालून मोठ्यानं बोलायचं. हातात घेतला की रेंज जाते. आम्ही गेलो त्या दिवशी एक सासुरवाशीण माहेरी बोलत होती. पलीकडून आई काहीबाही विचारत होती आणि ही प्रत्येक वेळी ‘मी बरी आहे’ एवढंच म्हणत होती. शेजारी सात-आठ माणसं आपल्या पाळीची वाट बघत बसलेली.

इथे एक कबुली द्यायला हवी. मागच्या वर्षी आपण हौसेनं जुने मोबाइल गोळा करून तिथे वाटले, फोटोही काढले. रेंजच नाही तिथे हँडसेट घेऊन करणार काय? आज ते टॉर्च म्हणून आणि गाणी ऐकायला वापरले जातात. तेव्हा कृपा करून जुने फोन आणून देऊ नका. ‘बाजारात बूस्टर मिळतो, तो लावा’ असंही काहींनी सुचवलं. खासगी बूस्टर परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहे, आणि मुळात सिग्नल असेल तरच तो वाढवता येतो.

टॉवर का येत नाही, हेही सभासद विचारतात. टॉवरला वीज लागते, ती गेली की डिझेल लागतं, खालपर्यंत जोडणी लागते, आणि इतकं करून गिऱ्हाईक मूठभर. हा तोटा भरून काढण्यासाठी सरकारनं २००२ मध्ये कंपन्यांच्या महसुलातून निधी उभा केला. २०२२ मध्ये २४,६८० गावांना ४जी पोचवण्याची २६,३१६ कोटींची योजनाही मंजूर झाली. आपण ग्रामस्थांच्या सह्यांचा अर्ज दिला आहे, त्याचा पाठपुरावा चालूच राहील. टॉवर येईल तेव्हा येवो, पावसाळा मात्र जूनमध्येच येतो.

म्हणून मधला मार्ग काढला आहे. खाली पंचायतीच्या गावात ब्रॉडबँड आहे. तिथल्या छतावर एक आणि वस्तीवरच्या दुकानापाशी एक असे दोन छोटे डिश-रेडिओ समोरासमोर लावले की इंटरनेट वर येतं. हे ५ गिगाहर्ट्झवर चालतात, त्याला वेगळा परवाना लागत नाही. सार्वजनिक वायफाय चालवायला दुकानदारालाही परवाना लागत नाही, २०२० च्या पीएम-वाणी योजनेत तशी सोय आहे. अट एकच, दोन्ही टोकं एकमेकांना दिसली पाहिजेत. ते आम्ही आरशानं तपासलं. खालच्या छतावरून एकानं उन्हात आरसा हलवला आणि चार किलोमीटरवर, दुकानाच्या ओट्यावर उभे होतो तिथे तो लखकन चमकला. पोरांनी तर टाळ्याच पिटल्या.

दुकानात एक स्मार्टफोन राहील, वायफाय कॉलिंगवर साधा नंबर लागेल आणि बाहेरून फोन आला की दुकानदारीणबाई माणूस पाठवून बोलावतील. त्यांना महिना हजार रुपये मानधन द्यायचं ठरलं आहे. काही सभासदांना हा खर्च फाजील वाटला. आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण एसटीडी बूथही बूथवाल्याच्या कमिशनवरच चालले. रुग्णवाहिकेचा १०८ नंबर वायफायवरून हमखास लागेल असं गृहीत न धरता आरोग्य केंद्राचा आणि आशाताईंचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घेऊ.

यंत्र शहरातलं आणि जागा डोंगरातली असली की काय होतं, हे आपल्या गावाला नव्यानं सांगायला नको. इथल्याच सयाजीराव विद्यापीठात शिकलेल्या सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं १९८४ मध्ये सी-डॉट ही टेलिफोन तंत्रज्ञानाची सरकारी संशोधन संस्था उभी राहिली. त्या संस्थेनं केलेलं १२८ लाइनींचं ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकात कित्तूरला बसलं. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ते एसीशिवाय, धुळीत आणि उन्हाळ्यात चालायचं. आपल्यालाही पाऊस, वीज आणि वायरी कुरतडणारी माकडं धरूनच खर्च काढावा लागला.

रेडिओची जोडी आणि राउटर २७ हजार. सोलर पॅनेल, बॅटरी, कंट्रोलर ४६ हजार. दोन खांब, पाइपातून नेलेल्या वायरी, अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टर ३८ हजार. इथे काटकसर करायची नाही, असं आपल्या इलेक्ट्रिशियन सभासदांनी बजावलं आहे. फोन ११ हजार. दोन वर्षांचं मानधन, ब्रॉडबँड आणि रिचार्ज मिळून ४६ हजार. एकूण १ लाख ६८ हजार. पैकी ६१,५०० जमले आहेत, १ लाख ६ हजार ५०० हवे आहेत.

रक्कम मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ६ ते ८ या वेळेत रोख किंवा चेकनं द्यावी, पावती लगेच मिळेल. शंभर रुपयेही चालतील. उद्या टॉवर आलाच तर हे सामान उतरवून पलीकडच्या फळियात नेऊ, ते लोक आत्ताच विचारून गेलेत. मे महिन्यात खांब रोवायला दोन रविवार जायचं आहे. राठवी बोलीची जाण असलेलं कुणी सोबत आलं तर फार बरं होईल, आमचं गुजराती ऐकून तिथली पोरं हसतात.

आणि कुणाच्या वखारीत जुन्या एसटीडी बूथची काचेच्या दाराची लाकडी केबिन पडून असेल तर जरूर कळवा. दार लावून बोलता येईल एवढी जागा त्या दुकानात नाही.

आपले,
कार्यकारी मंडळ, वडोदरा