मशीनच्या पुस्तिकेत ठेवायचं पत्र

प्रिय आई-बाबा,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर सांगितलं की बाबा "हो हो" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई त्यांना त्यातलं निम्मंच सांगते. म्हणून लिहितेय. बाबा, हे पत्र घडी घालून तुम्ही कपडे धुण्याच्या मशीनच्या पुस्तिकेत ठेवणार, त्या पिवळ्या पडलेल्या वॉरंटी कार्डाशेजारी. तिथेच ठेवा, पुढे लागेल.

आधी माझी चूक. गेले सहा महिने आई सांगत होती, मशीन ओरडतंय म्हणून. मी दर वेळी म्हणायचे, फोन जवळ धर, ऐकू दे. आई, तू धरायचीस आणि मला काहीच ऐकू यायचं नाही. मला वाटायचं, तू उगाच काळजी करतेस. पण फोनचं कामच असं की बोलणाऱ्याचा आवाज तेवढा पुढे पाठवायचा आणि मागची एकसुरी घरघर गाळून टाकायची. म्हणजे मला जे ऐकायचं होतं, नेमकं तेच गळत होतं. आणि बाबांना विचारावं, तर "कुठे काय आवाज आहे?" मशीन सुरू झालं की तुम्ही कानातलं यंत्र काढून ठेवता, बाबा, हे मला तिथे आल्यावर कळलं.

आणखी एक गोष्ट तिथे आल्यावरच दिसली. कपडे पिळायची फेरी सुरू झाली आणि आई दोन्ही तळवे झाकणावर दाबून, एक गुडघा मशीनच्या अंगाला टेकवून उभी राहिली. मला वाटलं, काहीतरी शोधतेय. "धरून ठेवते गं, नाहीतर चालायला लागतं." हे किती दिवस चाललं होतं, ते तू अजून मला सांगितलेलं नाहीस.

बाबा, तुम्हाला आकडा दिल्याशिवाय पटत नाही, म्हणून हिशेब करून पाहिला. ड्रमची त्रिज्या २२ सेंटीमीटर धरा आणि वेग मिनिटाला ७०० फेरे. अर्धा किलोचा ओला टॉवेल एका बाजूला गोळा होऊन बसला, तर तो ड्रमला साधारण ६० किलोच्या जोराने आपल्याकडे ओढतो, आणि ती ओढ सेकंदाला जवळजवळ १२ वेळा गोल फिरते. आईच्या तळव्यांनी ती थांबणार आहे का? ओल्या फरशीवर उभं राहून विजेच्या मशीनला मिठी मारायची, हे तर वेगळंच. ते बंद. मशीन हललं तर आधी बटण बंद करायचं, ड्रम पूर्ण थांबू द्यायचा, कपडे मोकळे करून चारी बाजूंना सारखे पसरायचे आणि मग पुन्हा लावायचं. एकटी चादर किंवा एकटा मोठा टॉवेल पिळायला लावू नका, जोडीला दोन-चार कपडे टाका.

आता आवाजांबद्दल. तुम्हा दोघांना तो एकच मोठा आवाज वाटत होता. खरं तर चार आवाज एकात एक मिसळले होते, म्हणून कुठलाच ओळखू येत नव्हता.

थाडथाड सगळ्यात मोठा, पण सगळ्यात सोपा. त्यातला अर्धा तर पायाखालच्या पुठ्ठ्याचा होता. बाबा, तुम्ही कधीतरी घडी करून घातलेला तो पुठ्ठा भिजून भिजून लगदा झाला होता आणि ते पाऊल अधांतरी होतं. पुठ्ठा काढला, पाऊल आटे फिरवून जमिनीला टेकवलं, आणि वरचा नट मशीनच्या अंगाला घट्ट कसला. तो नट कसला नाही तर पाऊल आपोआप पुन्हा सैल होतं. आता दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबून पाहा, मशीन डुलता कामा नये. डुललं तर मला कळवा. पुठ्ठा नको.

उरलेली थाडथाड रॉडची. ड्रमभोवतीचा बाहेरचा टब चार कोपऱ्यांतून चार सळयांवर झुल्यासारखा लटकलेला असतो, खाली स्प्रिंग आणि दणका मुरवणारी टोपी. मी रिकामा ड्रम हाताने खाली दाबून सोडला, तेव्हा तो पाच-सहा वेळा वरखाली होत राहिला. नीट असता तर वर येऊन एखाद्या झोक्यात थांबला असता. चारही रॉड एकदम बदलले. एकच बदलला तर टब तिरका लटकतो. आई, तू टॉर्च धरला होतास तेव्हा मी जुना आणि नवा रॉड शेजारी ठेवून लांबी का पाहत होते, ते विचारलंस आणि मी घाईत उत्तर दिलं नाही. काही मशीनमध्ये चारही स्प्रिंग सारख्या नसतात, कारण खाली मोटर एका अंगाला असते आणि तिथलं वजन जास्त. कुठला रॉड कुठल्या कोपऱ्यातला, हे आधी खडूने लिहून ठेवलं होतं.

धुताना येणारी खडखड ड्रमच्या तळाशी कपडे घुसळणारी जी चकती असते, तिच्याखालची होती. मधला स्क्रू काढून चकती वर ओढायला आम्हाला अर्धा तास लागला, पाण्याच्या क्षाराने ती घट्ट बसली होती. खाली काय सापडलं ते तुम्ही पाहिलंतच: केसांचा आणि कापडाच्या तंतूंचा करडा लगदा, केसांना लावायचे दोन आकडे, झिजून गुळगुळीत झालेलं एक नाणं आणि निळं बटण. चकतीच्या आतले दाते शाबूत आहेत. ते झिजले असते तर कपडे टाकल्यावर चकती नुसती कटकट करत घसरली असती.

चीं-चीं बाबांची. बाबा, रागावू नका. मोटरच्या जोरावर ड्रम फिरवणारा रबरी बेल्ट थोडा सैल झाला होता, म्हणून कुरकुरत होता, आणि तुम्ही त्यावर शिलाई मशीनचं तेल सोडलंत. आवाज येतो तिथे तेल, हा तुमचा नियम दाराच्या बिजागरीला चालतो. बेल्टचं सगळं काम घर्षणावर. त्याला तेल लागलं की तो घसरतो, तापतो आणि आणखी ओरडतो. तेल प्यायलेलं रबर पुसून सुधारत नाही, म्हणून तो बदलला.

आणि चौथा आवाज. हा अजून आहे, आणि आता बाकीचे तीन गेल्यामुळे तुम्हाला जास्त ऐकू येतोय. आई, परवा तू फोनवर म्हणालीस "आवाज परत आला", तो हाच. तो परत आलेला नाही, इथेच होता.

त्या दिवशी दुपारी बेल्ट काढून ठेवला होता ते आठवतंय का? मी मोटरची पुली हाताने फिरवली, ती गुपचूप फिरली. मग बाबांनी खाली बसून ब्रेकची पट्टी मोकळी धरली आणि मी ड्रम फिरवला. मला आत वाळू दळल्यासारखी बारीक खरखर ऐकू आली. बाबा म्हणाले, "काही नाही." मग मी त्यांच्या हातात मोठा स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याचं टोक शाफ्टच्या, म्हणजे ड्रम ज्या दांड्यावर फिरतो त्याच्या, शेजारी धातूवर टेकवलं आणि मूठ त्यांच्या मुठीत. ड्रम पुन्हा फिरवला. बाबांनी मान वर केली, एक मिनिट काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "खडे आहेत आत." जे कानाला कळलं नाही ते बोटांना कळलं. त्यानंतर तुम्ही स्वतःच तीनदा फिरवून पाहिलंत.

ते खडे म्हणजे गंजलेलं बेअरिंग, शाफ्टला धरून सहज फिरू देणारं गोळ्यांचं कडं. आधी वरचं रबरी सील झिजतं, साबणाचं पाणी शाफ्टवरून खाली उतरतं, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन नेतं, आणि मग गोळ्या कोरड्या घासतात. टबाच्या बुडाला शाफ्टभोवती तो तपकिरी ओघळ होता, तो तिथूनच. यावर बाहेरून तेल सोडून काही होत नाही. बेअरिंग बंदिस्त असतं, बाहेरून सोडलेले चार थेंब आत पोचत नाहीत आणि खालच्या नव्या बेल्टवर ठिबकतात. (बाबा, तेलाची कुपी मी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आहे, मुद्दाम.)

हे काम मी केलं नाही आणि तुम्हीही करायचं नाही. ड्रम बाहेर काढावा लागतो, मधला मोठा नट क्षाराने जाम असतो, काही मशीनमध्ये तर उलट्या आट्यांचा असतो, आणि मशीन आडवं करायला दोन धडधाकट माणसं लागतात. बाबांच्या कमरेची गणती त्यांत होत नाही. मेकॅनिक बोलवा, पण त्याला आधी विचारा की नुसतं बेअरिंग बदलणार की बेअरिंग-शाफ्टसकट खालचा पूर्ण गिअरबॉक्स. दोन्ही पद्धती आहेत आणि मशीननुसार दोन्ही बरोबर असू शकतात. मात्र सील जुनंच ठेवून बेअरिंग तेवढं नवं घालतो म्हणाला, तर नको म्हणा. काही महिन्यांत पाणी पुन्हा उतरेल. जुना भाग काढल्यावर हातात घेऊन बघा. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. समजा ६००५ असला, तर शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं: आतलं भोक २५ मिलिमीटर. बाबा, पट्टी लावून मोजा, मेकॅनिकला कळेल की घरात विचारणारं कुणीतरी आहे.

माझं मत विचाराल तर मशीन दुरुस्त करण्यासारखं आहे. पत्रा गंजलेला नाही, मोटर शांत आहे, ड्रमला भेग नाही. ड्रमच्या वरच्या जाड प्लॅस्टिकच्या कड्यात खुळखुळ होते ती घाबरण्यासारखी नाही. आत मिठाचं पाणी असतं, आणि वेग वाढला की ते जड बाजूच्या समोर सरकून तोल सावरतं.

मेकॅनिक येईपर्यंत अर्धेच कपडे टाका. ड्रमची कड धरून हलवल्यावर तो शाफ्टवर लटपटला, खाली तपकिरी पाणी ठिबकलं किंवा रबर जळल्याचा वास आला, तर मशीन बंद करून प्लग काढायचा आणि माझी वाट न बघता त्याला बोलवायचं. आणि आई, आता फोन जवळ धरू नकोस. व्हिडिओ काढून पाठव, त्यात घरघर बरीचशी येते. महिन्यातून एकदा, मशीन रिकामं पिळायला लावून.

निळं बटण सुईदोऱ्याच्या डब्यात आहे, वरच्याच कप्प्यात. बाबांच्या शर्टाला तू लावलेलं पांढरं काढून टाक.

तुमची,
चिऊ