मंत्रिमहोदय, पार्किंगच्या दाखल्यावर आमची सही मागू नका

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

स. न. वि. वि.

पार्किंगच्या जागेचा दाखला दाखवल्याशिवाय यापुढे नव्या गाडीची नोंदणी होणार नाही, असं आपण मे २०२५ मध्ये जाहीर केलंत. ती बातमी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आली आणि लगेच मला फोन सुरू झाले. विचारणा सगळ्यांची एकच, "ताई, मग त्यासाठी सोसायटीचं लेटर तुम्हीच देणार ना?" मी विक्रोळी पूर्वेला कन्नमवार नगरात, म्हाडाच्या एका जुन्या इमारतीत राहते आणि तिथल्या सोसायटीची सचिव आहे. आपल्या निर्णयाला माझा विरोध नाही. हे फार आधी व्हायला हवं होतं. पण दाखला देण्याआधी जागा मोजायला महापालिकेचा माणूस टेप घेऊन प्रत्येक कंपाउंडमध्ये काही येणार नाही. तो सोसायटीचं पत्र मागेल, आणि त्या पत्रावर सही माझ्यासारख्यांची असेल. म्हणून लिहिते आहे.

आमच्या इमारतीत बत्तीस बिऱ्हाडं आहेत. कंपाउंडमध्ये दाटीवाटीने सहा गाड्या बसतात, बाकीच्या रस्त्यावर. वसाहत बांधली तेव्हा इथे राहायला आलेली माणसं कारखान्यात पाळीवर जाणारी होती. दारात सायकल असली तर असली, तेव्हा चारचाकीचा विचार कोण करणार? त्याचा दोष मी कुणाला देत नाही. आता मुलं शिकली, चांगल्या नोकऱ्यांना लागली, घरात गाडी आली. गाडी आली की पेढे वाटले जातात, नारळ फुटतो, आम्ही सगळे खाली उतरून कौतुक करतो. आणि रात्री ती गाडी लावायची कुठे, यावरून भांडण सुरू होतं.

रस्त्यावरची जागा धरण्याच्या तऱ्हा आपण एकदा येऊन बघाव्यात. आमच्या गेटपासून कोपऱ्यापर्यंत चालत गेलं तरी पुरे. डिस्टेंपरचा वीस लिटरचा रिकामा डबा, त्यात सिमेंट ओतून मधोमध लोखंडी पाइप रोवलेला आणि डब्यावर ऑइलपेंटने गाडीचा नंबर. पुढे फुटक्या कुंड्या, त्यांत वाळलेली तुळस, म्हणजे कुणी हलवायला धजावणार नाही. त्यापुढे एक स्कूटर, जिचं इंजिन केव्हाच काढून विकलंय, पण सांगाडा जागा राखतोय. दोन पाइपांमधली साखळी आणि तिला कुलूप. भिंतीवर "येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल", आणि ती खरोखर सोडली जाते. सकाळी कामावर निघालेल्या माणसाला दोन टायर बसलेले दिसतात. कुणी केलं ते सगळ्यांना माहीत असतं, पण कुणी बोलत नाही.

माणसंही जागा धरतात. एका संध्याकाळी मी येत होते तर चौथीतला एक मुलगा दोन गाड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मांडीवर वही घेऊन गृहपाठ करत होता. बाबा ऐरोलीला पोचलेत, येईपर्यंत बसायला सांगितलंय, म्हणाला. समोरून एकाने गाडी मागे घ्यायला सुरुवात केली. मुलगा उठला नाही, वही छातीशी धरून बसून राहिला. गाडी त्याच्या गुडघ्यांपासून हातभर अंतरावर थांबली. मग वरून त्याची आई ओरडत खाली आली, गाडीवाल्याची बायको उतरली, आणि पुढचा तासभर दोन्ही घरांच्या तीन पिढ्यांचा उद्धार झाला. या दोघी दरवर्षी संक्रांतीला एकमेकींकडे हळदीकुंकवाला जाणाऱ्या. यंदा गेल्या नाहीत.

दुसऱ्या विंगमध्ये एक काका आहेत. मुलाने त्यांना गाडी घेऊन दिली, कारण काकूंना डायलिसिसला न्यावं लागतं. काका काकूंना रिक्षाने नेतात. गाडी काढली तर परत येईपर्यंत जागा गेलेली असते आणि गाडी पार हायवेच्या सर्व्हिस रोडला लावून, थकलेल्या बायकोला धरून तिथून चालत यावं लागतं. म्हणून ती गाडी खाली कव्हर घालून उभी असते. काका रोज संध्याकाळी कव्हर काढतात, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतात, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि परत कव्हर घालतात. मंत्रिमहोदय, गाडी ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला ती नेता येत नाही, ही या प्रश्नाची खरी किंमत आहे असं मला वाटतं. लोक काकांना हेकट म्हणतात, जागा अडवतात म्हणून चिठ्ठ्या लिहून वायपरखाली ठेवतात. मला ते हेकट वाटत नाहीत. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

ही माणसं वाईट नाहीत, हे मला आपल्याला ठासून सांगायचं आहे. २६ जुलै २००५ ला शहर बुडालं तेव्हा यांनीच अनोळखी माणसांना घरात घेऊन जेवू घातलं. करोनाच्या काळात यांनीच एकमेकांच्या दाराबाहेर डबे ठेवले. तीच माणसं आज साडेसहा फुटांच्या पट्ट्यासाठी एकमेकांच्या गाडीवर किल्लीने ओरखडे काढतात, पोलीस चौकीत जाऊन एनसी नोंदवतात. ती अदखलपात्र नोंद, पुढे काही होत नाही, पण शेजार कायमचा तुटतो. कारण एकच. तो पट्टा कुणाचा हे कुणी ठरवलेलंच नाही. जो आधी येईल, जो दमदाटी करेल, ज्याचा डबा जड असेल, त्याचा.

गेटच्या आत असं होत नाही. तिथे नियम आहे. सोसायटीच्या आदर्श उपविधींत लिहिलंय की जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वर्षापुरतं वाटप करा. आम्ही करतो. ज्याला जागा मिळत नाही तो नाराज होतो, पण पुढच्या वर्षी आपली चिठ्ठी निघेल हे त्याला माहीत असतं, म्हणून तो गप्प बसतो. बिल्डरने इमारतीखालची खांबांमधली, म्हणजे स्टिल्टमधली, जागा वेगळी विकू नये, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकालही आपल्या मुंबईतल्याच, दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यातला. म्हणजे भिंतीच्या आतल्या इंचाइंचासाठी कायदा, उपविधी, निकाल सगळं आहे. भिंतीपलीकडे दहा पावलांवर काहीच नाही.

काहीच नाही, हे मात्र अर्धंच खरं. कायदा आहे, तो वापरला जात नाही. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३१४ प्रमाणे रस्त्यावर बेकायदा ठेवलेली वस्तू नोटीस न देता उचलता येते. ते सिमेंटचे डबे आणि साखळ्या एका सकाळच्या फेरीत जाऊ शकतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १२७ प्रमाणे सार्वजनिक जागी दहा तासांहून जास्त बेवारस पडलेली गाडी पोलिसांना ओढून नेता येते. आमच्या गल्लीत बेवारस गाड्यांच्या बॉनेटवर पिंपळ उगवलाय. तक्रार केली की वॉर्ड ऑफिस वाहतूक पोलिसांकडे बोट दाखवतं, वाहतूक पोलीस म्हणतात रस्ता महापालिकेचा, आणि गाडीच्या मालकाचा पत्ता हवा असेल तर आरटीओत जा. नोंदणी आपल्या खात्याकडे, रस्ता महापालिकेकडे, टोइंग पोलिसांकडे. तिघांच्या मध्ये आम्ही, आणि आमच्यात शेजारी शेजाऱ्याचा न्यायाधीश होऊन बसलेला.

याचं टोक आम्ही पाहिलंय. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांच्या रात्री छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन केला, अॅम्ब्युलन्स वेळेत आली, पण दोन्ही बाजूंच्या गाड्यांमुळे तिला गल्लीत वळता येईना. शेवटी मुलांनी जागा धरायला ठेवलेली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, त्यांना तिच्यात बसवलं आणि चौघांनी खांद्यावरून कोपऱ्यापर्यंत नेलं. ते वाचले. अग्निशमन दलाचा बंब खुर्चीवरून नेता येणार नाही. इथे आता जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहताहेत. छोट्या सदनिकांना चार घरांमागे एक गाडी हा विकास नियमावलीचा हिशोब बघता, टॉवरमधल्या गाड्याही उद्या याच गल्लीत उतरणार.

आता दाखल्याकडे येते. एका फ्लॅटच्या मालकाकडे पार्किंगची सोय नसेल तर त्याला चार-पाच गाड्या घेऊ देऊ नयेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये म्हटलं होतं. आपला निर्णय त्याच दिशेने आहे. पण रस्ता आज आहे तसाच ठेवून दाखला सक्तीचा केला तर काय होईल, ते मी आजच सांगू शकते. मुलाची गाडी बुक झालेली असेल, मुहूर्त ठरलेला असेल आणि त्याचे वडील माझ्या दारात उभे असतील. "लिहून द्या हो, कोण बघायला येतंय?" मी नाही म्हटलं तर पुढच्या निवडणुकीत कमिटी बदलेल आणि नवा सचिव लिहून देईल. कंपाउंडमधल्या सहा जागांवर वीस दाखले निघतील. ज्याला पत्र मिळालं नाही तो गावच्या पत्त्यावर गाडी नोंदवेल आणि आणून इथेच लावेल. भांडण रस्त्यावरून सोसायटीच्या ऑफिसात येईल, बाकी काही बदलणार नाही.

दाखल्याचं उदाहरण म्हणून जपानचं नाव नेहमी घेतलं जातं. तिथे १९६२ पासून हा कायदा आहे हे खरं. पण तिथे दाखला पोलीस देतात, जागेचा नकाशा जोडावा लागतो, जागा घराच्या दोन किलोमीटरच्या आत असावी लागते आणि रस्त्यालाच आपली गॅरेज करणं हा गुन्हा आहे. आपण पहिला भाग घेतलात आणि शेवटचा सोडलात तर उपयोग नाही.

माझी मागणी साधी आहे. दाखल्याची सक्ती करण्याआधी आमच्यासारख्या जुन्या वसाहतींतल्या रस्त्यांचं मोजमाप करा. आधी बंब आणि अॅम्ब्युलन्स जाईल एवढी रुंदी पिवळ्या पट्ट्याने मोकळी ठेवा, तिच्यावर तडजोड नको, मग कितीही जागा कमी पडो. उरलेल्या बाजूला नंबर घातलेल्या चौकटी आखा. त्या चौकटी रहिवाशांना रात्रीपुरत्या, वर्षभराच्या परवान्यावर, महापालिकेने स्वतः सोडत काढून द्याव्यात. परवाना गाडीच्या नंबराशी जोडलेला असावा. घरटी एकच, दुसरी गाडी असेल तर तिचं शुल्क चांगलं जड ठेवा. ज्यांच्या घरात डायलिसिसचा किंवा अपंग माणूस आहे, त्यांना सोडतीबाहेर, घराजवळची चौकट द्या. आणि दाखला देताना कुठल्या चौकटीवर किंवा कंपाउंडमधल्या कुठल्या जागेवर तो दिला, हे परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसू द्या. एका जागेवर दोन दाखले निघाले तर ते शेजाऱ्यालाच आधी कळेल.

पैसे घेण्याला विरोध होईल. महापालिकेने पूर्वी घराबाहेर रात्री गाडी लावायला शुल्क घेण्याचा विचार केला तेव्हा दक्षिण मुंबईत ओरड झाली होती. पण आमच्याकडे लोक आजही पैसे मोजताहेतच. नव्या टायरचे, ओरखडे काढलेल्या दाराच्या पेंटिंगचे, आणि गल्लीतल्या काही पोरांना महिन्याला द्यावे लागणारे "लक्ष ठेवायचे" पैसेही. पावती मिळाली तर आम्ही शुल्क आनंदाने भरू.

जाता जाता एक. आपण ही घोषणा केलीत त्याच महिन्यात, ९ मे २०२५ पासून, बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० रुपये झालं. बेस्ट आपल्या खात्याकडे नाही, मला माहीत आहे. पण स्टेशनला जाणारी बस वेळेवर आली असती तर आमच्या इमारतीतल्या निम्म्या दुचाक्या आल्याच नसत्या. पुढच्या बैठकीत बेस्टच्या आणि महापालिकेच्या अधिकाऱ्यांना आपल्या शेजारी बसवाल तर फार बरं होईल.

सप्टेंबरअखेरपर्यंत आमची वार्षिक सर्वसाधारण सभा आहे. त्यात मी ठराव मांडणार आहे की कंपाउंडमधल्या सहा जागांपलीकडे सोसायटी कुणालाही पार्किंगचं पत्र देणार नाही, कमिटीतल्या कुणालाही नाही आणि माझ्या मुलालाही नाही. ठराव मंजूर होईल की नाही ठाऊक नाही, पण मी तो मांडणार. त्याआधी आपल्या खात्याचा आणि वॉर्डाचा एक-एक अधिकारी रात्री दहानंतर आमच्या गल्लीत पाठवावा. गल्ली मी स्वतः दाखवीन, टेपही आमच्याकडे आहे.

आपली नम्र,
सचिव, एक सहकारी गृहनिर्माण संस्था,
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई