नर्सिंगला अर्ज करणाऱ्यांसाठी सूचना

नमस्कार मंडळी,

भारतातली पदवी आहे आणि आता अमेरिकेत अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन, म्हणजे साधारण ११ ते १८ महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स करायचाय, अशांसाठी येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता, ईस्टर्न टाइमप्रमाणे, झूमवर बैठक आहे. लिंक शुक्रवारी रात्री ग्रुपवर टाकू.

त्याआधी एवढं करा:

• ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विद्यापीठाचा अधिकृत गुणतक्ता, आजच मागवा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. डब्ल्यूईएसला, म्हणजे परदेशी पदवी अमेरिकेतल्या कशाच्या बरोबरीची आहे ते तपासणाऱ्या संस्थेला, घरच्या मार्कशीटच्या झेरॉक्स चालत नाहीत, विद्यापीठाकडूनच यावं लागतं. पुण्या-मुंबईत खेटे घालणारं कोणी असेल तर उत्तम! त्यांचा तपासणी अहवाल 'कोर्स-बाय-कोर्स', म्हणजे विषयवार, घ्या. साधा घेतलात तर बहुधा पुन्हा पैसे भराल.

• अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स हे विषय बहुतेक ठिकाणी आधी पूर्ण लागतात. अनेक कॉलेजांना ते गेल्या पाच-सात वर्षांतलेच हवे असतात. बीएस्सीला पंधरा वर्षं झाली असतील तर कम्युनिटी कॉलेजात पुन्हा करायची तयारी ठेवा.

• टीज, हेसी (नर्सिंगच्या प्रवेश परीक्षा), टोफेल (इंग्रजीची परीक्षा) यांपैकी काय लागतं, ते प्रत्येक कॉलेजच्या साइटवर बघा.

• सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग कोर्स तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आणि राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी दिसत नसेल, तर फी भरू नका. कितीही गोड बोलोत.

• आधीची पदवी असल्यामुळे पेल ग्रँट (सरकारची, परत न करावी लागणारी शिक्षणमदत) मिळत नाही. कोर्स चालू असताना नोकरी जमणं अवघड, तेव्हा घरखर्चाचा हिशेब आधी मांडा.

येणाऱ्यांनी नाव आणि पदवीचा विषय गुरुवारपर्यंत इथेच लिहा. व्हिसाचे प्रश्न बैठकीत घेणार नाही, ते वकिलालाच विचारा.