बोटीच्या बॅटऱ्या, पावसाळ्याआधी एवढं बघा

मंडळी, पंचगंगेचं पाणी चढायला लागलं की बोटी शेडमध्ये जातात आन बॅटरीकडं दसऱ्यापर्यंत कोण ढुंकून बघत नाही, यंदा तसं नको. आधी फुल चार्ज करा, मग निगेटिव्हची वायर पहिली काढा, नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही कारण बिल्ज पंपाचा (बोटीच्या तळात साचलेलं पाणी उपसणारा पंप) ऑटो स्विच बऱ्याचदा थेट बॅटरीवरच असतो आन गुपचूप करंट खात बसतो. महिन्यातनं एकदा मीटर लावा, १२.६ व्होल्ट असेल तर झकास, १२.४ च्या खाली गेली की लगेच चार्जिंगला, नाहीतर बॅटरीच्या आतल्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतोय. पाणी डिस्टिल्डच घाला, बोअरचं नको. चार्जिंगवेळी हायड्रोजन सुटतो, दार उघडं ठेवा आन तिथं सिगरेट ओढू नका भावांनो. चार्जर शेडच्या कपाटात हाय, वापरून परत तिथंच ठेवा.