जाळी बसवण्यापूर्वी दुखण्याचेही सांगा

महोदय,

मी २९ वर्षांचा वायरमन. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर माझ्या उजव्या जांघेतल्या हर्नियाचे ऑपरेशन झाले, जाळी बसवली. 'दीड महिना वजन उचलू नका, मग बिनधास्त कामाला लागा,' एवढेच सांगितले होते. टाके छान भरले, गाठही पुन्हा आली नाही. पण शिडीवर उजवा पाय वर घेतला की आजही करंट बसल्यासारखी कळ जांघेतून खाली वृषणापर्यंत जाते. मांडीच्या आतल्या बाजूला हात लावलेला कळत नाही आणि तिथून चार बोटे वर पॅन्टचा काठही सोसत नाही. हत्यारांचा पट्टा मी आता कमरेऐवजी खांद्याला अडकवतो. माझी तीन वर्षांची मुलगी कडेवर यायचे असले की आपणहून माझ्या डाव्या बाजूला येऊन उभी राहते.

दाखवायला गेलो, तर 'सोनोग्राफी नॉर्मल आहे, तरुण आहात, मनावर घेऊ नका' असे उत्तर मिळाले. वर्षभर मला स्वतःचीच शंका येत होती. शेवटी दुखण्यावर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट समजावले. जांघेतून तीन बारीक नसा जातात. त्यातली एखादी टाक्यात किंवा जाळीभोवतीच्या वणात अडकू शकते. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभरातल्या दहा-बारा जणांना त्रासदायक दुखणे तीन महिन्यांनंतरही राहते, आणि कमी वयात हा धोका जास्त. त्यांनी नसेजवळ भुलीचे इंजेक्शन दिले. त्या रात्री दोन वर्षांत पहिल्यांदा मी मांडी घालून जेवलो. सकाळी कळ परत आली, पण दुखणे खरे आहे एवढे तरी ठरले. आता पुढचे उपचार सुरू आहेत.

ऑपरेशन करू नका, असे मी कुणालाही म्हणणार नाही. आतडे अडकले तर जीवावर बेतते. पण माझी गाठ तेव्हा दुखतही नव्हती. अशा पुरुषाला काही काळ लक्ष ठेवून थांबता येते, दुर्बिणीतून केल्यास असे दुखणे राहण्याचा धोका कमी असतो, जाळीशिवायची एक पद्धत तर पुण्याच्याच डॉ. मोहन देसरडांची आहे, हे सगळे मला नंतर कळले.

माझे संमतीपत्र इंग्रजीत होते. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारून ठेवली होती. त्या फुलीच्या वर 'दुखणे कायम राहू शकते' ही एक ओळ मराठीत छापा आणि सही घेण्याआधी पेशंटला ती वाचून दाखवा, एवढी सर्जन मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे.

— एक वायरमन, कराड