शंभर रुपयांच्या इंजेक्शनला एमआर नाही

संपादक, स.न.वि.वि.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर आमच्या वहिनीने सांगितलं की डाव्या छातीत गाठ लागतेय. लागत होती आधीपासूनच, आंघोळ करताना, पण मुलाची बारावी, मग मे महिन्यात गाव, मग गणपती असं करत तिने सहा महिने काढले आणि घरात कोणाला पत्ता नाही. "दुखत नव्हतं ना ताई," एवढंच म्हणाली. गाठ कॅन्सरची निघाली तेव्हा भाऊ इतका घाबरला की टाटा कॅन्सर हॉस्पिटलात तारीख मिळेपर्यंत थांबायची त्याची तयारी नव्हती, घराजवळच्या खासगी हॉस्पिटलात ऑपरेशन करून घेतलं, डॉक्टर चांगले आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. बिल मात्र सात पानी. हातमोजे, गाऊन, टोप्या, पट्ट्या सगळं वेगवेगळं लावलेलं आणि मेडिक्लेमवाल्यांनी नेमकं तेच कन्झ्युमेबल्स, म्हणजे वापरून टाकायच्या वस्तू, म्हणून कापलं, ते पैसे भावाने सोसायटीचं कर्ज काढून भरले.

आता मुद्द्याचं. ऑपरेशननंतर भाचा मोबाईलवर वाचत बसला होता, त्याला आपल्या परळच्या टाटाचं संशोधन सापडलं. 2023 साली जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी या कॅन्सरवरच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलंय, डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं. देशातल्या 11 केंद्रांवर 1600 बायकांवर हा अभ्यास केला. निम्म्या बायकांना ऑपरेशनमध्ये गाठ काढायच्या 7 ते 10 मिनिटं आधी गाठीच्या चारी बाजूंनी लिग्नोकेन टोचलं, म्हणजे दाढ काढताना हिरडीत देतात तेच बधिर करायचं औषध, बाकीच्यांना नाही दिलं. बाकी ट्रीटमेंट दोन्हीकडे नेहमीचीच. पाच वर्षांनी बघितलं तर आजार न उलटता बऱ्या असलेल्या बायका इंजेक्शनवाल्यांत 86.6 टक्के आणि दुसऱ्या गटात 82.6 टक्के, आणि जिवंत असलेल्या 90.1 विरुद्ध 86.4. ऑपरेशनच्या वेळी गाठ हलते तेव्हा कॅन्सरच्या पेशींना पसरायला वाव मिळतो आणि हे औषध त्याला अडवत असावं, असा डॉक्टरांचा अंदाज. खर्च पेशंटमागे शंभर रुपयांच्या आत.

चार टक्के ऐकायला कमी वाटतात, पण शंभर घरांतली चार घरं म्हणजे आमच्या चाळीच्या एका मजल्यावरचं एखादं घर, आणि त्या घरातली आई.

वहिनीने ते ऐकलं आणि डिस्चार्ज कार्ड काढून चष्मा लावून ओळ न् ओळ बोट फिरवत वाचायला लागली. "मला दिलं होतं का गं ते?" मला उत्तर देता येईना. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारलं, ते प्रामाणिकपणे म्हणाले, "वाचलंय, पण आमच्याकडे अजून सुरू केलेलं नाही." एका अभ्यासावर सगळ्यांनी उड्या मारू नयेत, दुसरीकडेही पडताळून बघायला हवं, हे मला कळतं. पण जे औषध ऑपरेशन थिएटरात असतंच, ज्याचे गुणदोष डॉक्टरांना वर्षानुवर्षं पाठ आहेत, त्याच्यासाठी निदान पेशंटला विचारायला तरी काय हरकत आहे?

त्या दिवशी बाहेर बाकड्यावर आम्ही दीड तास बसलो होतो. आमच्यासमोर चार एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, बॅगा घेऊन आत जाऊन आले, नव्या महागड्या औषधांची माहिती द्यायला. ते त्यांचं काम आहे. पण लिग्नोकेनची बॅग घेऊन कोण जाणार? शंभर रुपयांत कोणाला काय सुटणार आहे? ज्यात नफा नाही ते संशोधन डॉक्टरांच्या दारापर्यंत न्यायचं काम सरकारचं आणि महापालिकेचं आहे, आणि ते होताना मला तरी दिसत नाही.

दुसरं संशोधनही याच शहरातलं. 1998 पासून टाटाच्या लोकांनी मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमधल्या दीड लाखाच्या वर बायकांना घेऊन वीस वर्षं अभ्यास केला. निम्म्यांची छाती दर दोन वर्षांनी ट्रेनिंग दिलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हाताने तपासली, मॅमोग्राफीचं मशीन नाही काही नाही. सगळ्या वयोगटांचं मिळून ठाम काही सांगता आलं नाही, पण पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले. त्यातच व्हिनेगर लावून गर्भाशयाच्या मुखाची तपासणी केली, तिथे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी छातीची तपासणी कधीतरी झालेल्या किती, तर 0.9 टक्के. शंभरात एकसुद्धा नाही! आमच्याकडेही आरोग्यसेविका येतात, बिचाऱ्या उन्हातान्हात जिने चढून फॉर्म भरतात, त्यात छातीत गाठ आहे का असा प्रश्नही असतो, पण दारात सासरा उभा असताना कुठली बाई हो म्हणेल? आमची वहिनी नाहीच म्हणाली होती.

माझं मागणं एवढंच की केईएम, सायन, नायर, कूपर या पालिकेच्या हॉस्पिटलांत हे इंजेक्शन देतात की नाही ते महापालिकेने जाहीर करावं, आणि खासगी हॉस्पिटलांनी ऑपरेशनच्या संमतीपत्रावर त्याची एक ओळ टाकावी. आणि तुम्ही, संपादक साहेब, कुठल्या आरोग्य केंद्रात कुठल्या वारी बायकांची तपासणी होते याची नुसती यादी छापा, जाहिरातीएवढ्या चौकटीत बसेल. मी ती कापून चाळीच्या जिन्यात नळाजवळ चिकटवते, सकाळी पाण्याला सगळ्या तिथेच असतात.

एक वाचक, लालबाग